बऱ्हाणपूरची वाट आणि बऱ्हाणपूरचे पाणी



खानदेशची राजधानी कोणती, असा प्रश्न या सभागृहात विचारला तर धुळेकर धुळे म्हणतील, जळगावकर जळगाव म्हणतील, आणि पुढचा अर्धा तास व्याख्यात्याला तोंड उघडण्याची गरज पडणार नाही. पण राजधानीच्या मानाने ही दोन्ही शहरे कालची पोरे आहेत. धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे झाले ते पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर, कॅप्टन ब्रिग्ज या साहेबाच्या हातून. जळगाव वाढले ते रेल्वेने आणि कापसाने. त्यापूर्वी दोनशे वर्षे फारुकी राजांचे आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे मोगल सुभेदारांचे तख्त जेथे होते, ते गाव आज आपल्या राज्यातही नाही. ते गाव म्हणजे बऱ्हाणपूर.

भुसावळहून उत्तरेकडे निघालेली गाडी तासाभरात तेथे पोहोचते. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आपल्याकडून दिल्लीला, काशीला, प्रयागला जाणारी हजारो माणसे दरवर्षी या स्टेशनावरून जातात. त्यांतली बहुतेक पिशवी उशाला घेऊन झोपलेली असतात. जागी असतात ती केळीवाल्याला हाक मारतात. उतरत कोणी नाही. ज्या गावी येण्यासाठी एके काळी माणसे सुरतेहून बैलगाडीने निघत, त्या गावी आज दारात गाडी उभी असताना आपण उतरत नाही, याचे आम्हांस फार दिवस नवल वाटत आले आहे. म्हणून आजचा विषय अगदी साधा ठेवला आहे: बऱ्हाणपूरला जावे कसे, पूर्वी लोक कसे जात, आणि गेल्यावर गावात फिरावे कसे. आमचे आयुष्य हमाल, गिरणी कामगार, मागवाले यांच्या संघटनेत गेले. इतिहास आम्ही वाचला तो वाचनालयाच्या बाकावर, सभा संपल्यावर. तेव्हा राजांच्या वंशावळीपेक्षा ओझे कोणी वाहिले आणि पाणी कोणी आणले, याकडे आमची नजर आधी जाते. ती सवय आज मोडणार नाही.

प्रथम गावाची जागा पाहू. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. त्याचे ठाणे आपल्या शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे होते. १३९९ साली तो वारला. थाळनेरला तापीच्या काठी फारुकी राजांचे घुमट अजून उभे आहेत. त्याचा मुलगा नासिरखान याने नदीच्या वरच्या अंगाला नवे शहर वसविले आणि शेख बुऱ्हाणुद्दीन या सूफी साधूच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. समोरच्या काठावरील पेठेस शेख झैनुद्दीन याच्या नावावरून झैनाबाद म्हणू लागले. हे दोन्ही साधू चिरविश्रांती घेत आहेत ते खुलताबादेस, वेरूळच्या डोंगरावर.

साधूंची नावे दिली खरी, पण जागा निवडली ती व्यवहाराच्या डोळ्यांनी. गावाच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याला खिंड आहे आणि त्या खिंडीच्या डोक्यावर असीरगड बसलेला आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेला, तांड्याला, यात्रेकरूला ही वाट सुटत नसे. दक्षिणचा दरवाजा असे लोक असीरगडाला म्हणत. या उत्तर-दक्षिण वाटेला पश्चिमेकडून सुरत बंदराची वाट येऊन मिळे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस आग्रा, तिसऱ्या बाजूस गोवळकोंडा, आणि मध्ये तापीचा उतार. असल्या जागी गाव वसवावे लागत नाही, वसते. १६०१ च्या जानेवारीत अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले, तरी गावाचे महत्त्व घटले नाही. उलट राजपुत्र, सुभेदार आणि त्यांच्या फौजा कायमच्या येऊन राहिल्या.

आता सुरतेची वाट घेऊ, कारण ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पोटातून जाते. झां बातिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेने गेला आणि त्याने मुक्कामांची यादी लिहून ठेवली. फ्रेंच कानांनी ऐकलेली ती नावे प्रथम ओळखू येत नाहीत. पण नकाशा पुढे घेऊन बसले की एकेक गाव पदर बाजूला सारून चेहरा दाखवते. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, रावेर, आणि मग बऱ्हाणपूर. श्रोत्यांपैकी निम्म्या जणांच्या सोयरिकी या यादीत निघतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून तापी खोऱ्यातली रेल्वे निघाली तीही बारडोली, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडे अशी याच जुन्या वाटेने आली. शिंदखेड्याच्या पुढे मात्र तिने जुन्या वाटेची संगत सोडली आणि ती अमळनेरवरून जळगावकडे वळली. थाळनेर, शिरपूर, चोपडे तेवढे बाजूला पडले. चोपड्याहून यावल, फैजपूर, सावदे, रावेर या मार्गे बऱ्हाणपूरला जाणारी एस. टी. पकडली की आपण पुन्हा जुन्या वाटेला लागतो. त्या बसच्या खिडकीत बसून ताव्हर्निये वाचण्यासारखी मजा नाही.

ही वाट चालायला खर्च किती येई? जवाहिऱ्याला हिशेबाची सवय असल्यामुळे त्याने आकडे दिले आहेत. दोन बैलांच्या प्रवासी गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरत ते आग्रा चाळीस दिवसांची मजल, आणि सगळ्या वाटेचे भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये. गाडीबरोबर हत्यारबंद शिपाई घ्यावे लागत. त्या प्रत्येकाला महिन्याचे चार रुपये, लांबचा प्रवास असला तर पाच. अन्नवस्त्र त्यातच. हिशेब करा. गाडीच्या चार दिवसांच्या भाड्यात एका माणसाचा महिना निघत होता. तो माणूस गाडीबरोबर पायी चालणार, रात्री पहारा करणार आणि दरोडा पडला तर पुढे होऊन मरणार. पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्यासारखी माणसे मजुरीचा दर मागण्यासाठी मालकाच्या दारात उभी राहिली, तेव्हा असले दर ही जगाची रीतच आहे असे त्यांना सांगण्यात आले. रीत जुनी आहे, एवढे मात्र आम्ही ताव्हर्नियेवरून मान्य करतो.

प्रवाशांच्या गाड्या थोड्या. खरा भार वाहिला तो बैलांच्या पाठीने आणि वंजाऱ्यांच्या पायांनी. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा ताव्हर्नियेने पाहिला. कोणाच्या गोणीत तांदूळ, कोणाच्या धान्य, कोणाच्या डाळी, कोणाच्या मीठ. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस बाजूला थांबावे लागे. बायकापोरांसह आयुष्यभर वाटेवर राहणारे हे लोक. त्यांना गाव नव्हते, पण त्यांच्यावाचून एकही गाव जेवत नव्हते.

बऱ्हाणपूरला पोहोचल्यावर प्रवाशाचे स्वागत कसे होई? इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे आला. मोठा मानकरी, पण त्याला सराईतल्या चार खोल्या मिळाल्या त्या विटांच्या, वरून गोल आणि भट्टीएवढ्याच. त्याने तंबू ठोकून त्यात राहणे पसंत केले. तेव्हा जहांगीर बादशहाचा मुलगा पर्वेझ येथे सुभ्यावर होता. रोने त्याला नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी दिली आणि राजपुत्र त्याच दिवशी इतका प्याला की ठरलेली पुढची भेट राहूनच गेली. रो तापाने आजारी पडला. गावाविषयी त्याचे मत वाईट झाले: राजपुत्राचा, खानखानानचा आणि आणखी थोड्यांचे वाडे सोडले तर सारी मातीची घरे. त्याच्या आधी, १५८४ च्या सुमारास, राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी येऊन गेला होता. त्यानेही माती-गवताची घरे आणि अमाप सुती कापड, अशा दोन गोष्टी नोंदल्या. शिवाय एक तिसरी, जी आजच्या कोणत्याही नगरपालिकेला घरची वाटेल. पावसाळ्यात रस्त्यांवर इतके पाणी साचे की घोड्यावाचून फिरता येत नसे.

कापूस आपल्या काळ्या मातीतला, विणणारे बऱ्हाणपूरचे. ते कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, मिसर, पोलंड आणि रशियापर्यंत जात असल्याचे ताव्हर्निये सांगतो. सोन्यारुप्याच्या जरीच्या ओढण्या या गावच्या. मातीच्या घरातून निघालेले कापड मॉस्कोत विकले जाई आणि विणणारा मातीच्याच घरात राही, हे त्या तिघांच्या लिहिण्यावरून ताडता येते.

आता या वाटेवरचे सर्वांत काळे वर्ष. १६३० साली शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात येऊन राहिला. त्याच सुमारास पाऊस गेला. गुजरात आणि दख्खन दोन्ही दुष्काळात सापडले. आपल्या देहूगावी तुकोबांच्या पहिल्या कुटुंबाचा अन्नावाचून अंत झाला तो याच दुष्काळात, म्हणजे मराठी माणसाला हा दुष्काळ परका नाही. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा नोकर सुरतेहून याच वाटेने बऱ्हाणपूरला निघाला. नंदुरबारला गावाभोवती इतकी प्रेते पडली होती की तंबू ठोकायला जागा मिळेना. अशी वाट तुडवीत तो बऱ्हाणपूरला पोहोचला. तेथे काय पाहिले? बाजार भरलेला! बादशहाची छावणी होती, म्हणून दूरदूरहून धान्य त्या गावाकडे ओढले जात होते.

श्रोतेहो, या ठिकाणी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. दुष्काळ म्हणजे धान्य नसणे, असे शाळेत शिकवतात. मंडीच्या लिहिण्यावरून दुसरीच गोष्ट दिसते. धान्य होते. बैल होते. गोणी वाहणारे होते. पण गोणी कोणत्या गावी उतरायची हे भुकेलेला ठरवीत नव्हता, ज्याच्याकडे फौज आणि खजिना होता तो ठरवीत होता. नंदुरबारचा माणूस ज्या वाटेच्या कडेला मेला, तीच वाट छावणीला पोसत होती. बादशहाने काहीच केले नाही, असेही नाही. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात, असे त्याचा दरबारी इतिहासकार लिहितो. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण लंगर शहरात होता आणि माणसे मरत होती वाटेवर.

त्याच दुष्काळात, १७ जून १६३१ रोजी, बऱ्हाणपुरात बादशहाची बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला. पुढे काय झाले ते पोस्टकार्डावर छापलेले असते. बादशहाच्या दुःखाविषयी आम्हांस शंका नाही. चौदा बाळंतपणे सोसणाऱ्या त्या बाईविषयी तर आदरच आहे. पण एकाच वर्षी, एकाच वाटेवर घडलेल्या दोन गोष्टींपैकी एकीचे स्मारक साऱ्या जगाला माहीत असावे आणि दुसरीची एक ओळही नंदुरबारच्या वेशीवर नसावी, याची नोंद निदान खानदेशच्या माणसाने ठेवली पाहिजे.

आता गावात फिरू. जळगाव, भुसावळकडून जाणाऱ्यास दोन मार्ग. रेल्वेने भुसावळ सोडले की तापी ओलांडायची; मग सावदे, निंभोरे, रावेर, आणि केळीच्या बागा संपता संपत नाहीत तोच बऱ्हाणपूर. सडकेने जायचे तर मुक्ताईनगरवरून इच्छापूर, तेथे देवीचे दर्शन, आणि पुढे बऱ्हाणपूर. धुळ्याच्या माणसाने शिरपूर, चोपडे अशी जुनी वाट धरावी. वेळ जास्त लागेल, पण थाळनेर पदरात पडेल. कोणत्याही मार्गाने जा, पहाटेच पोहोचा. तापीकाठचे ऊन पाहुण्याला ओळखत नाही.

रेल्वेस्टेशन गावात नाही. ते गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर लालबागेत आहे. बहुतेक लोक रिक्षा करून सरळ गावात जातात, किल्ला पाहतात, जिलेबी खातात आणि परततात. आमची सूचना वेगळी आहे. गावाकडे पाठ करा आणि आधी लालबागेजवळचा कुंडी भंडारा पाहा. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. नावाने घाबरू नये. गाव समजायचे असेल तर पाण्याच्या मागोमाग गावात शिरावे.

हा भंडारा काय आहे? सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकाच्या फटींतून हळूहळू तापीकडे झिरपतो. हे झिरपणारे पाणी वाटेतच अडवून, जमिनीखालून बोगद्याने शहराकडे न्यायचे, ही कल्पना. इराणात ही विद्या जुनी. तेथून ती जाणकारांबरोबर इकडे आली. मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर काढला तोही याच घराण्यातला. बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याने हे काम उभे केले. दोह्यांचा कवी रहीम तो हाच. डोंगराच्या बाजूने एका ओळीत विहिरी खणायच्या, त्यांना कुंड्या म्हणतात. आणि प्रत्येक कुंडीच्या तळातून पुढच्या कुंडीच्या तळापर्यंत बोगदा काढायचा. बोगद्याला उतार असा बेताचा की पाणी थांबूही नये आणि धावूही नये. कुंड्या शंभराहून अधिक आहेत. डोंगराकडची पहिली सुमारे ऐंशी फूट खोल. शहराकडे यावे तसतशी खोली कमी होत जाते, कारण जमीन उतरते त्याहून पाणी कमी उतरते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, यंत्र नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येते. अशा एकूण आठ व्यवस्था या शहरासाठी झाल्या होत्या. कुंड्यांची तोंडे आजही शेतात ओळीने दिसतात. आत वाकून पाहिले तर गार हवा तोंडावर येते आणि खाली पाणी चमकते. २०२४ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले, ही आनंदाची गोष्ट आहे.

या कामाचा मान खानखानानला आणि त्याने आणलेल्या इराणी जाणकाराला मिळतो, तो त्यांचा आहेच. पण कुंडीच्या काठावर उभे राहून थोडा विचार करावा. ऐंशी फूट खाली माणूस दोराने उतरला असेल. वरून येणाऱ्या उजेडाच्या एका वर्तुळात, गुडघाभर पाण्यात, छिन्नी-हातोड्याने तो पुढे सरकला असेल. पलीकडच्या कुंडीतून दुसरा त्याच्याकडे सरकत आला असेल. दोघे एका रेषेत, एका पातळीवर भेटले नाहीत तर सारे काम फुकट. आमच्या ओळखीचे विहीर खणणारे वडार बांधव आहेत. त्यांच्यापैकी एकाला आम्ही हा बोगदा दाखविला. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, हे एका बापाच्या लेकरांनी केलेलं काम आहे. अंधारात असा भरवसा परक्यावर टाकता येत नाही." त्या माणसांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. पाणी मात्र चारशे वर्षे वाहत आले.

आणि गंमत पाहा. टॉमस रो मातीची घरे पाहून नाक मुरडत होता, तो या कामाचाच काळ. त्याच्या पायांखाली काय चालले होते याची त्याला वार्ता नव्हती. शहर डोळ्यांनीच पाहणाऱ्याचे असे होते.

येथून पाण्याबरोबर गावाकडे निघावे. बोगद्याचे पाणी जाली करंज नावाच्या हौदात येई आणि तेथून नळांनी शहरात खेळे. शनवारा दरवाजातून आत शिरले की गाव सुरू होते. दरवाजांची नावे वाचीत चालावे: शनवारा, इतवारा, लोहारमंडी. कोणत्या वारी बाजार भरे आणि कोठे कोणता धंदा चाले, ते वेशीच सांगतात. हा कोट मात्र उशिराचा. निजामुल्मुल्क असफजाहाच्या काळात, १७३१ साली, तो पुरा झाला आणि १७४८ साली तो निजाम याच गावी वारला. रस्ते अरुंद आहेत, गर्दी भरपूर. वाहन वेशीबाहेर सोडून पायीच जावे.

बाजाराच्या मध्यभागी गांधी चौकात जामा मशीद आहे. काळ्या दगडाची, दोन उंच मनोऱ्यांची. राजा अलीखान या फारुकी सुलतानाने ती बांधली. कामगाराची नजर दगड कसा बसवला आहे इकडे जाते, आणि येथे ती तृप्त होते. पण पाहुण्याने आवर्जून पाहायचे ते आतला शिलालेख. अरबी लेखाबरोबर तेथे संस्कृत लेख आहे, देवनागरी अक्षरांत. ईश्वराला वंदन करून फारुकी राजांची वंशावळ दिली आहे आणि कालगणना संवत् व शके यांत आहे: शके १५११, म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात लिहून घ्यावे असे सुलतानाला वाटले आणि लिहून देणारा शास्त्रीही गावात मिळाला. हल्ली इतिहासाच्या नावाने भांडण काढणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांनी हा लेख एकदा वाचावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

मशिदीवरून खाली तापीकडे उतरले की शाही किल्ला. पुष्कळसा पडला आहे. पण नदीपात्रातून सरळ उठलेली त्याची भिंत पाहिली की मूळ डौल कळतो. आत हमामखाना आहे. छतावरील रंगीत नक्षी अजून टिकून आहे. गरम आणि गार पाण्याची सोय येथे होती, आणि पाण्याच्या मागोमाग आलेल्या आपला प्रवासही येथेच पुरा होतो: सातपुड्याचा पाऊस, काळोखातला बोगदा, मजुराची छिन्नी, आणि शेवटी बेगमेचे स्नानगृह. किल्ल्यावरून समोर झैनाबाद दिसते. वेळ असल्यास पूल ओलांडून आहुखान्यात जावे. मुमताजचा देह प्रथम ठेवला तो या बागेत. गावाबाहेर तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ एक छत्री आहे, ती मिर्झाराजे जयसिंगाची. पुरंदरचा तह करून शिवछत्रपतींना आग्र्याला जावयास लावणारा तो सेनापती १६६७ साली बऱ्हाणपुरात वारला. मराठी माणसाने तेथे घटकाभर बसावे. शत्रूच्या समाधीजवळ इतिहास जरा शांतपणे समजतो.

मराठ्यांचा आणखी एक संबंध आहे. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरलगतची बहादूरपुरा ही श्रीमंत पेठ तीन दिवस लुटली. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या गावी आला. पण तो येथे राहिला नाही. पुढच्या वर्षी औरंगाबादेस गेला, आणि दरबाराची वाट त्याच्यामागे गेली. येथपासून बऱ्हाणपूरची उतरण लागते. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. आपले धुळे-जळगाव १८१८ साली इंग्रजी मुंबई इलाख्यात गेले तेव्हा बऱ्हाणपूर शिंद्यांचेच राहिले. ते इंग्रजांकडे गेले १८६०–६१ च्या सुमारास, आणि मध्य प्रांतात नीमाडला जोडले गेले. खानदेशची राजधानी खानदेशाबाहेर राहिली ती अशी, दप्तरातल्या एका रेघेने. पुढे १९५६ आणि १९६० साली राज्ये झाली तेव्हा तीच रेघ पक्की झाली. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. रेघेच्या दोन्ही बाजूंना केळी तीच, लग्ने आपापसांत, आणि बाजारात मराठी बोललेले सर्वांना समजते.

१८६६ साली भुसावळहून खांडव्यास रेल्वे गेली. वाटेवरच्या गावाला पुन्हा वाट मिळाली. पण आता मुक्काम करण्याचे कारण उरले नव्हते. तांड्याला रात्री थांबावे लागे, आगगाडीला पाच मिनिटे पुरतात. वाटेवर जगणारे गाव वाट वेगवान झाली की उपाशी राहते, हा धडा आज महामार्गाच्या उड्डाणपुलाखाली गेलेल्या आपल्या गावांनाही समजेल.

मग बऱ्हाणपूर मेले का? नाही. राजे गेले, सुभेदार गेले, पण माग राहिला. १९०६ साली तेथे ताप्ती मिल निघाली. त्याच साली आपल्या अमळनेरास प्रताप मिल निघाली, म्हणजे दोघी जुळ्या बहिणी. १९७४ साली ताप्ती मिल सरकारकडे गेली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गल्लोगल्ली यंत्रमाग मात्र चालू आहेत. फिचला, ताव्हर्नियेला ज्या धंद्याने थक्क केले, तो धंदा अजून त्याच गावात, कोरे कापड विणीत आहे. किल्ला पाहून परतताना एखाद्या गल्लीत उभे राहा. खटखटाट इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मागवाल्याला रोज नसतो, कापडाच्या मापावर मजुरी असते. वीज गेली की माप थांबते, भूक थांबत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, आपले धुळे, सगळीकडे हीच कथा. वस्तुसंग्रहालयात पुराणवस्तू ठेवतात. येथे चारशे वर्षांची विद्या रोज पोटासाठी राबते आहे, आणि तिला पाहायला तिकीट नाही.

रावेरच्या सडकेवर रात्री उभे राहिले तर केळी भरलेले ट्रक एकामागून एक बऱ्हाणपूरवरून उत्तरेकडे जाताना दिसतात. जुन्या तांड्यांचीच ही वाट. गोणी गेली, क्रेट आले. वंजारी गेला, ड्रायव्हर-क्लीनर आले. घड कापणारा, डोक्यावरून वाहणारा आणि ट्रकमध्ये रचणारा मात्र आहे तेथेच आहे. त्याच्या मजुरीचा प्रश्न हा आजच्या व्याख्यानाचा विषय नाही, असे अध्यक्ष म्हणतील. आम्ही तो येथे फक्त टाचून ठेवतो.

शेवटी एक मागणी. ही व्याख्यानमाला दर वसंतात होते. ऐकणारे पुष्कळ, घरी जाऊन विसरणारेही पुष्कळ. पावसाळा ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, चाळीस-पन्नास जणांनी मिळून बऱ्हाणपूरची फेरी करावी. धुळेकरांनी थाळनेरवरून यावे, जळगावकरांनी भुसावळवरून, आणि लालबागेत पहिल्या कुंडीपाशी सर्वांनी भेटावे. बरोबर एखादा विहीर खणणारा, एखादा मागवाला, एखादा ट्रकवाला जरूर घ्यावा. गावातल्या पुष्कळ गोष्टी त्यांना आपल्याआधी दिसतील. शाळेतली मुले तर घ्यावीतच. आणि नंदुरबारकडच्या मित्रांना आमचा निरोप द्यावा की, १६३० साली तुमच्या वेशीवर जे पडले त्यांच्यासाठी एक साधा दगड उभा करावयाचा झाल्यास आमच्या कामगारांची एक दिवसाची मजुरी त्यात धरावी.